हौसेचा हिशोब : जुन्या खेळयंत्रांची वाढती किंमत



गेल्या महिन्यात एका रात्री आमचा पुतण्या चंद्रपूरच्या गोल बाजारातील दुकान बंद करून थेट माझ्याकडे आला. जेवण झाल्यावर त्याने मोबाइलवरील एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, मध्ये काच, खाली दोन जॉयस्टिक आणि रंगीत बटणांच्या रांगा. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली जे व्हिडिओ गेम पार्लर होते, त्यांतील ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळाचे ते यंत्र होते. मुंबईचा कोणी विक्रेता त्याचे पावणेतीन लाख रुपये मागत होता.

“काका, मागच्या वर्षी असंच यंत्र एक लाख साठ हजारांना होतं. वर्षभरात एवढी वाढ कुठल्या मुदत ठेवीत मिळते? दुकानाची कॅश क्रेडिटची मर्यादा सध्या मोकळीच आहे. त्यातून घेऊ का?”

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने यावर तत्काळ ‘नाही’ म्हणणे सोपे होते. मी म्हटले नाही. कारण त्या छायाचित्राने मला माझ्याच सहीचे एक जुने प्रकरण आठवले.

सन १९९४. मी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज येथे शाखेत होतो. जिल्ह्यातील हे रेल्वेचे गाव. त्यामुळे व्यापारी वस्ती आणि मुलांची वर्दळ दोन्ही होती. एका पदवीधर तरुणाने चार खेळयंत्रांसाठी साठ हजारांचे कर्ज मागितले. मी नागपूरला जाऊन तशी दुकाने पाहिली, दिवसाला किती नाणी पडतात ते मोजले आणि कर्ज मंजूर केले. यंत्रे बँकेकडे तारण होती. पहिली दोन वर्षे हप्ते वेळेवर आले. रुपयाच्या नाण्यांच्या पिशव्या तो काउंटरवर ओतत असे आणि रोखपाल कुरकुरत असे.

पुढे चित्र पालटले. दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचे ‘समुराई’, ‘मीडिया’ यांसारखे खेळसंच घरोघरी आले, मग केबल आली. वीज दिवसातून तीन-चारदा जाई. १९९८ साली खाते थकीत झाले, यंत्रे ताब्यात घेतली गेली. लिलावाला एकही बोली लागली नाही. शेवटी भंगारवाल्याने किलोच्या भावाने चारही यंत्रे उचलली. हाती आले तीन हजार दोनशे रुपये. उरलेली रक्कम त्या तरुणाच्या वडिलांनी पाच वर्षे थोडी थोडी करून फेडली. मी यंत्र तपासले होते, खप तपासला होता. पण ज्या वस्तूचे आयुष्य नव्या वस्तूच्या आगमनावर अवलंबून आहे, तिच्यावर पाच वर्षांचे कर्ज देऊ नये, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती.

तेव्हा ज्या वस्तूला भंगाराचा भाव आला, तीच आज दुर्मीळ म्हणून लाखांत विकली जात आहे. मग आम्ही चूक केली का? यंत्रे गोदामात ठेवली असती तर? पुतण्याला हा प्रश्न मी कागद-पेन्सिल घेऊन सोडवून दाखविला.

पैसा किती वर्षांत दुप्पट होतो हे पाहण्यासाठी ७२ ला व्याजदराने भागावे, हा नियम आपणांस ठाऊक आहे. आठ टक्क्यांनी नऊ वर्षांत दुप्पट. म्हणजे १९९८ मध्ये एका यंत्रात अडकलेले पंधरा हजार रुपये २७ वर्षांत तीनदा दुप्पट होऊन एक लाख वीस हजार झाले असते. यंत्र ठेवायला जागा लागते. महिना केवळ दोनशे रुपये भाडे धरले तरी २७ वर्षांचे चौसष्ट हजार आठशे होतात. बेरीज एक लाख चौऱ्याऐंशी हजार आठशे. यात दुरुस्तीचा एक पैसाही धरलेला नाही. आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा, गडचिरोलीचा पाऊस आणि बारमाही वाळवी यांतून प्लायवूडची पेटी सत्तावीस वर्षे धड राहिली असती, हेही गृहीतच धरले आहे.

आता जमेची बाजू. पावणेतीन लाख ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. हा फरक व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. बल्लारशाहच्या लाकूड आगारात सागाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना माहीत आहे की भाव ठरतो तो दोन खरे बोली लावणारे समोरासमोर उभे राहिल्यावर. तेथे लाकडाची प्रत ठरलेली असते, घेर मोजता येतो, पोकळी दिसते आणि गिऱ्हाईक दरवर्षी येते. खेळयंत्राचे गिऱ्हाईक देशात कुठे आणि किती आहे हे विक्रेत्यालाच ठाऊक. तेच यंत्र आपण त्याच्याकडे विकायला नेले आणि त्याने निम्मा भाव दिला, तर हाती एक लाख साडेसदतीस हजार. म्हणजे सत्तावीस वर्षे सांभाळूनही तोटाच.

कॅश क्रेडिटचा विचार तर अधिकच स्पष्ट आहे. अकरा टक्के व्याज धरले तर पावणेतीन लाखांवर वर्षाला तीस हजार दोनशे पन्नास रुपये जातात. यंत्राची किंमत दरवर्षी अकरा टक्क्यांनी वाढली तरच आपण जागच्या जागी उभे राहतो. शिवाय ती मर्यादा माल भरण्यासाठी दिलेली असते. हंगामात साखरेचा वा तेलाचा भाव उतरला आणि त्या दिवशी मर्यादा पेटीत अडकलेली असली, तर झालेले नुकसान कोणत्याही खात्यात दिसत नाही, पण होते. चालू भांडवल स्थिर वस्तूत अडकविणे हा चांगल्या दुकानांना लागणारा जुना रोग आहे.

पुतण्याने एक उदाहरण पुढे केले. अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक न उघडलेली प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेअकरा कोटी रुपयांना विकली गेली. गोष्ट खरी आहे. परंतु ती प्रत मूळ कंपनीची, मोहोरबंद आणि त्रयस्थाने प्रत ठरवून दिलेली होती. आपल्या समोरच्या पेटीत नेमके दुर्मीळ काय आहे?

हा प्रश्न मी त्याला विचारला, कारण वडशाची ती चार यंत्रे मला आठवत होती. त्यांच्या पेट्या नागपूरच्या सुताराने केल्या होत्या, काच म्हणजे टीव्हीची पिक्चर ट्यूब होती आणि आतला बोर्ड मुंबईहून आलेली नक्कल होती. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ जपानच्या टायटो कंपनीने १९७८ मध्ये आणला, ‘पॅक-मॅन’ नामकोने १९८० मध्ये, ‘स्ट्रीट फायटर २’ कॅपकॉमने १९९१ मध्ये. त्या कंपन्यांचा मूळ बोर्ड आणि मूळ पेटी असेल तर तिला संग्राहकांत वेगळा मान आहे. नक्कल असेल तर आपण आठवणीची किंमत मोजत आहोत. आठवणीची किंमत मोजू नये असे नाही. मात्र तिला मूळ मालाचा भाव देऊ नये.

मूळ बोर्ड असला तरी तो सोन्यासारखा पडून राहत नाही. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या एका पद्धतीच्या बोर्डांत खेळ उलगडण्याची किल्ली एका लहान बॅटरीच्या आधाराने साठविलेली असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड मुका होई. पुढे हौशी तंत्रज्ञांनी असे बोर्ड पुन्हा जिवंत करण्याची युक्ती शोधली. तथापि बॅटरी पाझरून बोर्ड खाते तो धोका उरतोच. जुन्या पद्धतीच्या पिक्चर ट्यूबचे उत्पादनही आता जवळपास थांबले आहे, आणि ती दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. ही घसारा असलेली मालमत्ता आहे आणि घसारा थांबविण्याचा खर्च दरवर्षी वाढत जाणार आहे.

उलट, केवळ खेळायचे असेल तर ते कधी नव्हे इतके स्वस्त झाले आहे. १९९७ पासून ‘मेम’ नावाची एक संगणकप्रणाली जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करते, आणि कंपन्याही आपले जुने खेळ नव्या संचांवर अधिकृतपणे विकतात. खेळ दुर्मीळ नाही. पेटी दुर्मीळ आहे.

इतके ऐकून पुतण्या हिरमुसला. “म्हणजे काका, हौस करूच नये?”

असे मी म्हटले नव्हते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये, घरगुती भांडी अशा वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा लोक त्या मोडीत घालीत होते. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले, आणि वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा ठेवा १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांनी भाव चढेल म्हणून अडकित्ता घेतला असता तर संग्रहालय उभे राहिले नसते, दुकान उभे राहिले असते. दुकान वाईट नव्हे. पण आपण दोहोंपैकी काय करीत आहोत हे वस्तू घेण्यापूर्वी ठरलेले असावे.

आमच्या वडिलांच्या खातेवहीत एक पान ‘हौस’ या नावाचे असे. त्यांना ग्रामोफोनच्या तबकड्यांचा नाद होता. दिवाळीला वहीपूजन झाले की त्या पानावर वर्षाची रक्कम लिहिली जाई. ती संपली की कितीही दुर्मीळ तबकडी आली तरी पुढच्या दिवाळीपर्यंत घेतली जात नसे. पेढीच्या पैशाला त्या पानाचा स्पर्श नव्हता. परिग्रह-परिमाण म्हणजे वस्तूच घेऊ नये असे नव्हे, आपल्या इच्छेची सीमा आपण आधी आखावी, हे मी प्रवचनांत पुढे ऐकले. त्या पानावर आधी पाहिले होते.

पुढच्या रविवारी पुतण्या मला घेऊन वडशाला गेला. ‘त्या चारपैकी काही उरले असेल तर?’ ही त्याची आशा होती. तो कर्जदार आता पन्नाशी ओलांडलेला आहे, झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याने मला ओळखले, चहा मागविला, जुन्या गोष्टीविषयी चकार शब्द काढला नाही. पुतण्याने यंत्रांचे विचारताच तो आत गेला आणि लाल गोंडा असलेली एक जॉयस्टिक घेऊन आला. भंगारवाला पेट्या उचलीत असताना ती त्याने पान्याने सोडवून ठेवली होती.

पुतण्याने लगेच विचारले, “विकाल का?”

“नाही साहेब. बाबांनी याचे पैसे पाच वर्षं भरलेत. हिची किंमत होऊन गेली.”

परतताना गाडीत आम्ही दोघे फारसे बोललो नाही. मूलच्या पुढे आल्यावर पुतण्या एवढेच म्हणाला, की मुंबईच्या विक्रेत्याला तो नकार कळविणार आहे. त्याने आपल्या स्वतःच्या उचलीतून वर्षाला चाळीस हजारांचे ‘हौस’ पान उघडले आहे. एखादा सुतार आणि जुनी पिक्चर ट्यूब मिळाली तर तेवढ्यात पेटी घडवून ती घरातल्या मुलांसाठी ओसरीवर ठेवावी, असा त्याचा बेत आहे.

आपल्या घरातील कोणाला खेळयंत्रे, जुनी नाणी, घड्याळे वा कॅमेरे जमविण्याचा नाद असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वस्तू प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय आणि बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. अनोळखी माणसाला दूरध्वनीवरून आगाऊ रक्कम पाठवू नये. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता, आणि त्या फसवणुकीची रीत येथेही तीच असते. खरेदी पेढीच्या वहीत दाखवू नये. स्वतःच्या वापरातील जंगम वस्तू आयकरात साधारणतः भांडवली मालमत्ता धरली जात नाही, दागिने, चित्रे, शिल्पे मात्र धरली जातात. पेढीच्या नावे घेतलेल्या वस्तूचा विचार निराळा होतो, म्हणून आपल्या सनदी लेखापालास आधी विचारावे.

आणि घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या हिचा भाव शून्य झाला, तर ही मला घरात हवी आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर ‘हौस’ पानावर बसेल तेवढ्यात खुशाल घ्यावी. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती हौस नव्हे, सट्टा आहे. आणि सट्ट्यासाठी मुलांच्या आठवणींचे निमित्त कशाला?

जय जिनेंद्र.