राजगिऱ्यास उपवासाच्या कोठडींतून सोडवा

आषाढी-कार्तिकीच्या एकादशा, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र व नवरात्र हे दिवस जवळ आले म्हणजे वाण्याच्या दुकानीं राजगिऱ्याच्या लाह्या, लाडू व पीठ पुढच्या फळीवर येतात, आणि पारणें झालें कीं तीं पुडकीं पुनः मागच्या फळीवर जाऊन पडतात. हा क्रम इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत विचार करण्याजोगें कांहीं असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आंकडे ज्यांनीं वाचले असतील त्यांस हा विचार टाळतां येणार नाहीं. महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रिया रक्तक्षयानें ग्रासलेल्या आढळल्या. पांच वर्षांच्या आंतील मुलांत हेंच प्रमाण शेंकडा ६८ च्याही वर गेलें. ज्या समाजाची ही अवस्था, त्यानें लोहानें समृद्ध असा एक दाणा वर्षांतील मोजक्या तिथींस राखून ठेवावा आणि बाकीचे दिवस त्याच्याकडे पाहूं नये, ह्यास काय म्हणावें?

प्रथम दाण्याची योग्यता पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचीं जीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं त्यांवरून शंभर ग्रॅम राजगिऱ्यांत सुमारें १३ ग्रॅम प्रथिनें, १६० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम व सुमारें ८ मिलिग्रॅम लोह असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत प्रथिनें ८ ग्रॅमच्या आंत असून लोह १ मिलिग्रॅम देखील भरत नाहीं. शिवाय गहूं व तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा जो घटक उणा असतो, तोच राजगिऱ्यांत भरपूर आहे. म्हणजे पोळीच्या पिठांत तो मिसळला असतां एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते. आम्ही राजगिऱ्याचे भाट नव्हों. कॅल्शियमच्या बाबतींत आमची नाचणी त्याच्या दुपटीहून पुढें आहे, आणि वनस्पतींतील लोह शरीरांत थोडेंच मुरतें हेंही खरें. म्हणून त्याबरोबर लिंबू किंवा आवळा असावा. ज्या स्त्रीस रक्तक्षय जडलाच आहे तिनें वैद्यास दाखवावें, लाडवावर भिस्त ठेवूं नये. पण रोजच्या ताटांत आलेला दाणा रोज कांहीं तरी देतो, हें नाकारण्याचें कारण नाहीं.

आतां धर्माचा प्रश्न. राजगिरा हें ‘धान्य’ नव्हे, म्हणून तो उपवासास चालतो, अशी समजूत आहे. वनस्पतिशास्त्रही तो गवताच्या कुळांतला नाहीं एवढें कबूल करितें; तो माठाचा भाऊबंद. पण मग भगर कशी चालते? ती तर उघड गवताच्या कुळांतली, जोंधळ्या-बाजरीच्या गोतांतली. हा भेद शास्त्राचा नसून रूढीचा आहे हें कोणाही निःपक्षपाती न्यायाधीशास मान्य करावें लागेल. त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, दाण्याचा राजगिरा मूळचा मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील अमेरिकेचा, आणि युरोपियनांचीं गलबतें तिकडे जाऊं लागल्यावर तो इकडे आला, असें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानितात. उपवासाच्या ताटांतील बटाटा, रताळें, भुईमुगाचे दाणे, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सारी मंडळी त्याच खंडांतून आलेली. तेव्हां हें ताट स्मृतिकारांनीं वाढून ठेविलें आहे असें जे म्हणतात त्यांनीं आपला दावा पुनः तपासून पाहावा.

मेक्सिकोंत या दाण्याची जी कथा घडली ती आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तेथील अॅझ्टेक लोक मक्याच्या जोडीनें राजगिरा पिकवीत. मांडलिक प्रांतांकडून त्यांचे राजे तो खंडणी म्हणून घेत. त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या उत्सवाच्या वेळीं प्रसादासारख्या वांटून खाण्याची चाल होती. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं त्यांची राजधानी जिंकली. त्यांच्या पाद्र्यांस या प्रसादांत आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली व त्यांनीं तो पूजाविधि बंद पाडला. पुढें पीकही मागें पडत गेलें. तेथें परक्या धर्माच्या रोषानें राजगिरा शेतांतून हुसकला गेला, येथें स्वधर्माच्या लोभानें तो सणावारांत कोंडला गेला. परिणाम मात्र दोन्हीकडे एकच झाला कीं रोजच्या अन्नांतून तो उठला. विशेष हें कीं, लाह्या फोडून त्या गोड पाकांत थापण्याची युक्ति दोन्ही देशांस सुचली. मेक्सिकोंत आजही तिला ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद, असें नांव आहे. आम्ही तिला राजगिऱ्याची चिक्की म्हणतों.

उपवासांतही त्याचा मान पहिला नाहीं, दुसरा आहे, पहिला साबुदाण्याचा. तामिळनाडूंतील सेलमकडून येणारा हा पांढरा मोत्यासारखा पदार्थ म्हणजे केवळ पिष्ट. शंभर ग्रॅमांत एक ग्रॅम देखील प्रथिन नाहीं. त्यावर दाण्याचें कूट पडतें म्हणून खिचडीस अन्न तरी म्हणतां येतें. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण पुरुषांच्या थट्टेसाठीं ठीक आहे. पण आमच्या घरांतून उपवास अधिक करितात त्या स्त्रियाच, आणि रक्त कमी आहे तेंही त्यांच्याच अंगांत. त्यांनीं श्रद्धेनें व्रत करावें कीं न करावें हा त्यांचा प्रश्न. परंतु करावयाचेंच तर खिचडीऐवजीं राजगिऱ्याचें थालीपीठ व वाटीभर ताक घेण्यास कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

रोज खाल्ल्यानें राजगिरा ‘धान्य’ होईल व मग उपवासास काय उरेल, अशी शंका कोणी काढतात. दूध आम्ही रोज पितों, केळीं रोज खातों. त्यांनीं आपला उपवासाचा हक्क गमावल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि याच झाडाचीं कोंवळीं पानें भाजी म्हणून बुधवारीं-गुरुवारीं बिनदिक्कत चिरलीं जातातच! दुसरी शंका खर्चाची, व ती अधिक सबळ आहे. राजगिरा गव्हाहून व ज्वारीहून महाग पडतो. म्हणून भाकरी सोडून तो धरा असें आम्ही सांगत नाहीं. पांच किलो ज्वारीच्या दळणांत अर्धा किलो राजगिरा टाकला तर भाकरीची चव बिघडत नाहीं व खर्चही सोसवतो. शाळांतून मध्यान्हीं जी खिचडी शिजते तींत मूठभर दाणा पडावा, ही मागणी पालकांनीं शाळेच्या व्यवस्थापकांकडे लेखी करावी. केंद्र सरकारनें २०१८ सालीं पोषक तृणधान्यांच्या यादींत राजगिऱ्याचा समावेश केला आहे. यादींतून तो मुलांच्या ताटांत येईपर्यंत मात्र कोणी तरी पाठपुरावा करावयास हवा.

पाकक्रियेसंबंधीं थोडें. दाणा मोहरीहूनही बारीक, म्हणून तो चाळणींत न धुतां फडक्यांत धुवावा. लाह्यांसाठीं जाड बुडाची लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळीं चमचाभरच दाणा टाकावा आणि फडक्याच्या बोळ्यानें हलवावा. कढई कोमट असेल तर दाणा फुलत नाहीं, नुसता करपतो. शिजवावयाचा तर तिप्पट पाणी घालावें. तो चिकट होतो, म्हणून भातांत वा लापशींत मिसळलेला बरा. पिठांत गव्हाचा चिकटा, म्हणजे ग्लूटेन, नसतो. त्यामुळें नुसत्या पिठाची भाकरी तडकते, उकडलेला बटाटा घातला म्हणजे ती नीट थापतां येते. याच कारणानें पाव करणारांनीं मैद्यांत चौथाईहून अधिक राजगिरा घालूं नये, नाहीं तर पाव फुगणार नाहीं. नानकटाई व बिस्किटें यांस फुगण्याची तेवढी गरज नसल्यामुळें त्यांत तो निम्म्यापर्यंत चालतो, आणि वास खमंग येतो. आमच्या शहरांतील भट्टीवाल्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. ज्यांस ग्लूटेन सोसत नाहीं अशा रोग्यांस मात्र निखळ राजगिराच हवा, व तो गव्हाच्या मागोमाग दळलेला नसावा. उपवासाचें दळण वेगळें दळण्याची आमच्या गृहिणींची जुनी कटकट येथें अचानक उपयोगी पडते.

व्यापारी बंधूंस एक सूचना. राजगिऱ्यांत गव्हाहून कितीतरी अधिक स्निग्धांश असतो, त्यामुळें त्याचें पीठ लवकर खवट होतें. नवरात्रांत उरलेलें पीठ महाशिवरात्रीस विकण्याची चाल कांहीं दुकानांतून आहे, आणि ‘राजगिरा कडू लागतो’ ही तक्रार बव्हंशीं तेथूनच उगम पावते. दाणा अख्खा ठेवावा, मागणीप्रमाणें थोडा थोडा दळावा, पुडक्यावर दळल्याची तारीख घालावी. गुजराथेंतील बनासकांठ्यांत व उत्तराखंडाच्या डोंगराळ भागांत हें पीक होतें. आमच्या शेतकऱ्यासही रब्बींत तें घेतां येण्यासारखें आहे, कारण थोड्या पाण्यावर तग धरण्याचा ज्वारीचा गुण त्यांतही आहे. परंतु बारा महिने गिऱ्हाईक असल्यावांचून तो त्यासाठीं रान मोकळें करणार नाहीं, आणि दुकानांत बारा महिने ताजा माल असल्यावांचून गिऱ्हाईक येणार नाहीं. यंदाच्या नवरात्रानंतर पुडकीं मागच्या फळीवर न टाकतां ज्वारी-बाजरीच्या पोत्यांशेजारीं अख्ख्या राजगिऱ्याचें एक पोतें उघडें करून ठेवावें, एवढीच आमची व्यापाऱ्यांस विनंति आहे.