चाक उचला, पण जागेवर

पुढचं चाक हवेत गेलेलं दिसलं की आपल्याकडे एकच शब्द तोंडात येतो: स्टंटबाजी. मध्यरात्री मरीन ड्राइव्हवर बाइक उडवणारा स्टंटबाज, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागच्या जागी सायकल मागच्या चाकावर वळवायला शिकणारी अकरावीतली मुलगीही स्टंटबाजच. इंटर्न म्हणून डेस्कवर बसायला लागल्यापासून बघते आहे, मथळ्यात हा शब्द इतका मस्त बसतो की त्यात दोन उलट गोष्टी कोंबल्यात याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आज त्यातल्या दुसऱ्या गोष्टीची बाजू घ्यायची आहे.

तिचं नाव बाइक ट्रायल्स. नावात बाइक असली तरी हा सायकलचा खेळ आहे. समोर खडक, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे असतात आणि ते पाय न टेकता पार करायचे. पाय टेकला की दंडाचा गुण, ही या खेळाची मूळ पद्धत. मोटरसायकल ट्रायल्स हा याचा थोरला भाऊ. 1970 च्या दशकात स्पेनमधल्या कातालोनियात पेरे पी या मोटरसायकलस्वाराच्या घरात सायकलवरचा हा प्रकार आकाराला आला. त्याचा मुलगा ओत पी पुढे अनेकदा जगज्जेता झाला. आज या खेळाच्या जागतिक स्पर्धा 20 इंची आणि 26 इंची चाकांच्या सायकलींवर होतात, आणि त्या सायकलींना बसायला सीटच नसते. बसायची वेळच येत नाही ना!

आता मागच्या चाकावर वळायची गरज का पडते? साधी सायकल वळवायला थोडा रस्ता लागतो, पुढे जात जातच ती वळते. पण तुम्ही जेवणाच्या टेबलाएवढ्या खडकावर उभे आहात आणि पुढची वाट डाव्या हाताला आहे, तर पुढे जाणार कुठे? मग पुढचं चाक उचलायचं, मागच्या एका चाकावर सगळं वजन घ्यायचं आणि जागेवरच तोंड फिरवायचं.

बघायला जादू वाटते. शिकायला मात्र हे अगदी पायरीपायरीचं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला कंटाळवाणं काम आहे. पहिले काही दिवस सायकल चालवायचीच नाही. तिच्यावर नुसतं उभं राहायचं. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, जो पाय जोराचा तो पुढे, हँडल किंचित त्याच बाजूला वळवलेलं. जरासा चढ असेल तर सोपं जातं, कारण पुढे गेलेली सायकल आपोआप मागे येते. दहा सेकंद जमलं की वीस, मग तीस. कॉलेजच्या गेटवर हे करत उभे राहिलात तर लोक विचारतील, ‘काय रे, चेन पडली का?’ विचारू द्या.

दुसरी पायरी खरी महत्त्वाची, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. मागचा ब्रेक एका बोटाने पूर्ण दाबून ठेवायचा. गुडघे वाकवून जरा पुढे झुकायचं आणि मग कंबर झटकन मागे न्यायची, हात सरळ. पुढचं चाक वीतभर उचललं जातं. ते हवेत असताना मान आणि खांदे डावीकडे वळवायचे, म्हणजे चाक थोडं डावीकडे उतरतं. थोडं म्हणजे थोडंच, घड्याळात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाण्याइतकं. अशा बारा उचलींत पूर्ण गोल होतो. मग दहांत, मग आठांत. दंडाच्या ताकदीने हँडल ओढायला गेलात तर सायकल वाकडी उठते आणि पाच मिनिटांत खांदे भरून येतात. उचलायचं काम कंबरेचं, वळवायचं काम नजरेचं. जिकडे बघाल तिकडे खांदा जातो आणि खांदा जाईल तिकडे सायकल.

तिसऱ्या पायरीला पायडल येतं. ब्रेक सोडायचा, पुढच्या पायाने अर्धा पायडल झटका मारायचा, लगेच ब्रेक धरायचा. हे तिन्ही एका श्वासात. पुढचं चाक छातीपर्यंत येतं आणि तुम्ही मागच्या चाकावर उभे असता. एका चाकावर स्तब्ध कुणालाच फार वेळ राहता येत नाही. तळहातावर काठी उभी धरायची तर हात सतत हलवावा लागतो, तसंच इथे टायर आपल्या वजनाखाली सरकवत राहावं लागतं. म्हणून बारीक उड्या मारायच्या. आणि प्रत्येक उडीत थोडं वळायचं. टायर जमिनीवर दाबलेलं असताना वळवायला गेलात तर ते रबर अडतं, वजन उचललेल्या क्षणात मात्र अलगद फिरतं. मागच्या चाकावरचं वळण म्हणजे अशा बारीक उड्यांची माळ.

यासाठी महागडी आयात सायकल हवीच असं नाही. घरातली जाड टायरची सायकल घ्या, सीट पार खाली करा, गिअर हलका ठेवा. सायकलवाल्याकडून मागचा ब्रेक नीट करून घ्या. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मग मागे ओढा. दोन्हीकडे चाक जागचं हललं नाही पाहिजे. हेल्मेट घालाच, आणि नडग्यांना फुटबॉलचे गार्ड बांधा, कारण निसटलेलं पायडल नडगीवरच येतं. आणि सगळ्यात आधी पडायला शिका. पुढचं चाक जास्त उठलं तर हँडल सोडून मागे पाय टेकून उभं राहायचं, सायकल जाऊ द्यायची पुढे. हे पन्नास वेळा मुद्दाम करा. तरी मनगट दुखेल, घोटा मुरगळेल. खरचटल्याशिवाय येईल असं सांगणारा फसवतोय.

आता रस्त्यावरच्या व्हीलीकडे या. तिथे वेग असतो, आणि पुढचं चाक उचललं की हँडलही गेलं आणि पुढचा ब्रेकही गेला. मोटरसायकल थांबवण्याचं बहुतांश काम तोच ब्रेक करतो. शिवाय समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने, स्कूटरवरच्या काकूंनी तुमच्या रीलमध्ये काम करायला होकार दिलेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार धोकादायक वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सायकलला मोटार वाहन कायदा लागत नाही, म्हणून काही पोरं टेम्पोच्या तोंडावर व्हीली मारत जाऊन शेवटच्या क्षणी बाजूला होतात. कायदा लागत नसेल, टेम्पो लागतो. याला पाठिंबा देण्याचा प्रश्नच नाही. ही पोरं पकडली गेली तर पोलिसांना दोष देणार नाही.

पण या पोरांना नुसतं ‘करू नका’ सांगून काय होतं, ते आपण बघतोच आहोत. चाक उचलायची खुमखुमी जाणार नाही. तिला जागा तरी द्या. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या डॅनी मॅकॅस्किलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2009 मध्ये आलेला त्याचा व्हिडिओ साडेपाच मिनिटांचा आहे, आणि तो एडिनबरामध्ये काही महिने शूट होत होता. तेव्हा तो सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. आपण त्यातल्या कुंपणावरून जाणाऱ्या सायकलचे दहा सेकंद फॉरवर्ड करतो. त्यामागे ट्रायल्सवर घालवलेली कित्येक वर्षं फॉरवर्ड होत नाहीत.

कॉलेजवाल्यांची भीती खोटी नाही. कुणाचा हात मोडला तर पालक आधी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये येणार. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात म्हणूनच ‘सायकलवर बसून आवारात थांबू नये’ अशी पाटी लागली आहे, ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. पण त्याच शहरात मल्लखांबावर उलट्या लटकलेल्या सातवीतल्या पोरासाठी आपण टाळ्या वाजवतो. त्याला कुणी स्टंटबाज म्हणत नाही. कारण तिथे वस्ताद असतो, खाली गादी असते आणि पहिल्याच दिवशी कुणी उलटं लटकत नाही. ट्रायल्सला हेच तिन्ही मिळालं तर धोका तेवढाच उरेल जेवढा कबड्डीत असतो.

आणि जागा किती लागते? दोन गाड्या उभ्या राहतात तेवढी. सामान म्हणजे चार जुनी टायरं आणि लाकडी फळ्या. ना पिच, ना नेट, ना फ्लडलाइट.

तेव्हा या टर्मला जिमखान्यात अर्ज टाका. एकट्याने नको, पाच-सहा जणांनी मिळून, मुलींचीही नावं घालून. अर्जात दिवस आणि वेळ लिहा, हेल्मेटशिवाय कुणी सायकलला हात लावणार नाही हे लिहा, मोटरसायकल आत येणार नाही हे ठळक लिहा आणि सोबत थांबायला तयार असलेल्या एका सरांचं किंवा मॅडमचं नाव आधीच विचारून ठेवा. पालकांच्या संमतीपत्राची मागणी होईल, ते जोडूनच द्या. जागा म्हणून स्टाफ पार्किंगचा कोपरा मागा. रविवारी सकाळी तो रिकामाच असतो.