नंबर आपला, दार आपलं

साडीचं बिल होत असतं. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो, "ताई, मोबाइल नंबर?" आपण सवयीने दहा आकडे सांगून मोकळ्या होतो. मग सण आला की सुरू! 'फक्त आजच', 'दोन घ्या, एक फुकट', 'लकी ड्रॉ'. दुपारी जरा पाठ टेकावी, तर फोन वाजलाच.

आपल्याला वाटतं, दुकानातलं कुणीतरी बसून हे पाठवत असेल. मैत्रिणींनो, बरेचदा तसं नसतं. १ ऑगस्ट २०१८ रोजी व्हॉट्सअॅपने कंपन्यांसाठी 'बिझनेस एपीआय' नावाची सोय सुरू केली. जुन्या वाड्याला पुढचं दार पाहुण्यांसाठी असे आणि मागचं दूधवाल्या-भाजीवाल्यासाठी. हेही तसंच. आपण बोट फिरवून व्हॉट्सअॅप वापरतो, ते पुढचं दार. एपीआय म्हणजे मागचं दार. तिथून कंपनीचा संगणक थेट व्हॉट्सअॅपच्या संगणकाशी बोलतो. बिलात पडलेला नंबर यादीत जातो आणि सणाच्या दिवशी हजारो जणींना एका दमात निरोप सुटतो.

सुरुवातीला पार्सल कधी येणार, डॉक्टरांची वेळ किती वाजता, अशा कामाच्या निरोपांसाठी ही सोय होती. जाहिराती मागाहून आल्या. मे २०२२ मध्ये 'मेटा'ने हे दार लहानमोठ्या सगळ्याच धंद्यांना उघडलं. १ जुलै २०२५ पासून तर निरोपागणिक दर लागतो आणि आपल्याकडे जाहिरातीचा दर सर्वांत चढा आहे. म्हणजे आपल्या फोनवरची ही थाप कुणीतरी पैसे मोजून विकत घेतलेली असते.

आता दुसरी बाजू बघा. आपल्यातल्या कितीतरी जणी घरून पापड, मसाले, ड्रेस मटेरियल विकतात. त्यांच्या हाती असतं ते फुकटचं बिझनेस अॅप. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं मावतात आणि निरोप पोचतो तो फक्त तिचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच. एपीआयला ही अट नाही. वरवर पाहता हा घरगुती धंद्याचा तोटा वाटतो. पण नंबर साठवणं म्हणजे गिऱ्हाइकाने आपणहून दिलेला होकार! मोठ्या दुकानाला जे विकत घ्यावं लागतं, ते हिने चवीवर आणि शब्दावर कमावलेलं असतं.

प्रश्न आहे तो होकाराचाच. व्हॉट्सअॅपच्या नियमानुसारही गिऱ्हाइकाची संमती घेतल्याशिवाय असे निरोप पाठवता येत नाहीत. पण बिलाच्या घाईत सांगितलेले दहा आकडे म्हणजे संमती झाली का? मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं होतं, की मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा हट्ट धरू नका. हे किती जणींना ठाऊक आहे? १९०९ वर नोंद करून जाहिरातींना आळा घालता येतो खरा, पण तो एसएमएस आणि फोन कॉलपुरता. व्हॉट्सअॅप त्यात येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. तोवर काय हातावर हात ठेवून बसायचं?

मुळीच नाही. "नंबर कशाला हवाय?" असं शांतपणे विचारा. बिलासाठी लागत नसेल तर देऊ नका. नको त्या निरोपाला 'ब्लॉक' करा, 'रिपोर्ट' करा. फार जणींनी असं केलं, की पाठवणाऱ्याची पत घसरते आणि त्याच्या निरोपांवर मर्यादाही येऊ शकते. आणि तुमचा स्वतःचा घरगुती धंदा असेल, तर कुणाचीही यादी उसनी आणू नका. "दिवाळीच्या फराळाचं कळवू का?" एवढं आधी विचारा.

दारावर येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला आपण काही घरात घेत नाही. आधी कडी न काढता "कोण आहे?" असं विचारतो. मग फोनच्या दाराची कडीच आपण का काढून ठेवावी?