छायाचित्रकाराची सम

छायाचित्रकारांनी आपली कला, आपले आयुष्य आणि आपले आवडते संगीत यांविषयी आत्मचिंतन लिहावे, ही प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. आमचा तिला विरोध नाही. ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने विचार करू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या लेखनातून एक सिद्धान्त हटकून डोकावतो, आणि तो आम्हांस मुळीच मान्य नाही. तो सिद्धान्त असा की, पुन्हा कधीही न येणारा क्षण नेमका पकडणे हीच प्रतिभा. आणि संगीतही हेच शिकविते, कारण सूर उमटताक्षणी विरून जातो. हे बोलणे कानाला गोड लागते. पण संगीतापुरते ते खोटे आहे, छायाचित्रणापुरते अर्धवट आहे, आणि आमच्या परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशाला त्याची किंमत मोजावी लागते.

प्रथम संगीताचे पाहू. त्रितालाच्या सोळा मात्रा संपल्या की सम येते, आणि ती येणार हे गायकास, तबलजीस व श्रोत्यांस आधीपासून ठाऊक असते. म्हणूनच तर समेवर सगळ्या माना एकदम डोलतात! सम ही न येणारी गोष्ट नव्हे; ती येतच राहते. गायकाची प्रतिभा दिसते ती ज्ञात असलेली सम तो कोणत्या वाटेने गाठतो यात. यमन काही त्याने निर्माण केलेला नसतो. तो त्याच्या गुरूनेही गायिलेला असतो आणि गुरूच्या गुरूनेही. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात गायकांची छायाचित्रे टिपणाऱ्यांकडे जरा लक्ष द्यावे. ज्याला ताल कळतो त्याचे बोट समेच्या आधीच सज्ज असते. ज्याला कळत नाही तो शंभर चित्रे काढतो आणि त्यांतले एखादे बरे निघेल या आशेवर घरी जातो. पहिल्याच्या अंगी रियाज आहे, दुसऱ्याच्या हाती केवळ नशीब.

आता छायाचित्रणाकडे वळू. 'निर्णायक क्षण' हा मंत्र ज्यांच्या नावावर जपला जातो, त्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकाला हे नाव मिळाले ते इंग्रजी आवृत्तीत. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ घाईघाईने, लपतछपत टिपलेली चित्रे असा काहीसा आहे. शिवाय हे गृहस्थ हिंदुस्थानात एकदाच येऊन गेले असेही नाही. १९४७-४८ साली ते येथे होते आणि पुढेही अनेकदा आले. म्हणजे त्यांच्या शिष्यांनी मंत्र उचलला आणि आचरण सोडून दिले.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या अँसेल अ‍ॅडम्स यांचे. ते तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होते. मूळ काच किंवा फिल्म ही स्वरलिपी आणि तीवरून काढलेली प्रत हे वादन, अशी तुलना ते करीत. ही तुलना आमच्या संगीताला जशीच्या तशी लागू पडत नाही. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरविल्या खऱ्या, पण ते पुस्तक समोर ठेवून कोणी मैफल गात नाही. तरीही अ‍ॅडम्स यांची साक्ष आमच्याच बाजूची आहे. १९१६ साली त्यांनी योसेमिटीचे खोरे प्रथम पाहिले आणि पुढे जन्मभर ते तेथे परत परत जात राहिले. १९४१ साली टिपलेल्या एका चंद्रोदयाच्या प्रती ते दशकानुदशके निरनिराळ्या छटांत काढीत होते. क्षण एकच, परंतु त्यांनी तो आयुष्यभर आळविला.

आता आमच्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही थट्टेने म्हणतो. पण बाहेरच्या जगाने परभणी पाहिलेली असते ती एकाच चित्रात: भेगाळलेली काळी जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. हे चित्र टिपणारे मोटारीने येतात, दोन दिवस राहतात आणि 'क्षण' घेऊन परत जातात. त्यांना एवढेही ठाऊक नसते की, काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच, पाऊसपाणी उत्तम झालेल्या वर्षीसुद्धा! ती भेग दुष्काळाची नव्हे, वैशाखाची खूण आहे. दुष्काळ खोटा आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९७२ ची आठवण येथे अजून ताजी आहे, आणि २०१६ साली शेजारच्या लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले हे सर्वांनी पाहिले. आमचे म्हणणे इतकेच की, खरा दुष्काळ त्या भेगेत दिसत नाही. तो दिसतो गेल्या वर्षी भरलेल्या आणि यंदा कोरड्या पडलेल्या विहिरीत. ते दाखवावयाचे तर गेल्या वर्षीही त्या विहिरीवर गेलेले असावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन पिके पाण्यात गेली, तेव्हा हेच लोक पुराचे चित्र घेऊन गेले. त्याच शेतात मार्गशीर्षात काय उभे राहिले, हे पाहावयास त्यांच्यापैकी किती जण फिरकले?

येथे कोणी म्हणेल, पुनरावृत्ती हीच प्रतिभा असेल तर दरवर्षी तीच भेग दाखविणारा चित्रकारही यमनच आळवितो आहे! आक्षेप चतुर आहे, पण टिकणारा नाही. यमन गाणारा त्याच रागात वाढलेला असतो. भेग टिपणारा प्रत्येक वेळी नवखा असतो. पहिल्याची ती आवर्तने, दुसऱ्याची नक्कल. परक्या डोळ्यांना पुष्कळदा घरच्यांना न दिसणारे दिसते, हेही आम्ही मान्य करतो. पण प्रथमच मैफलीस आलेला श्रोता भारावून गेला म्हणून तो गवई ठरत नाही. आमच्याच जिल्ह्यातील सातोन्याचे बी. रघुनाथ यांनी सरकारी कचेरीत कारकुनी करीत, याच मातीत राहून कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९५३ साली अवघ्या चाळिशीत येथेच देह ठेवला. त्यांच्या लेखणीत जे आहे ते दोन दिवसांच्या मुक्कामात सापडणारे नव्हते.

याहून मोठी तक्रार नावाची आहे. मैफलीच्या पत्रिकेत गवयाच्या नावाखाली तबल्याच्या आणि पेटीच्या साथीदाराचेही नाव छापतात. छायाचित्राखाली मात्र टिपणाऱ्याचे नाव आणि पुढे 'एक शेतकरी' किंवा 'मराठवाड्यातील एक स्त्री'. ज्याच्या चेहऱ्यावर सारे चित्र उभे आहे तो साथीदारही नव्हे! हेमा राइरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमविल्या आणि गाणारणींची नावे व गावे नोंदविली. निरक्षर बाईची ओवी तिच्या नावावर राहू शकते, मग तिचा चेहरा का राहू नये? आमच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तरी आपल्या अभंगात ती आपले नाव गोवीत असे. सातशे वर्षांपूर्वी एका दासीने जो हक्क बजावला, तो आज कॅमेऱ्यासमोर बसलेल्या शेतकऱ्यास मिळत नाही.

तेव्हा छायाचित्रकारांनी प्रतिभेविषयी जरूर लिहावे आणि संगीताची साक्षही काढावी. पण मग संगीताचे नियम पाळावेत. ज्या शेताचे चित्र घेतले तेथे वर्षातून चार वेळा तरी परत जावे. ज्याचे चित्र घेतले त्याचे नाव विचारावे, त्यास मान्य असेल तर ते छापावे, आणि पहिली प्रत त्याच्या घरी पोहोचती करावी. संपादकांनीही 'दुष्काळाचे एक चित्र पाठवा' असा हुकूम सोडण्यापूर्वी, ते चित्र कोणाचे असेल, हा प्रश्न स्वतःस विचारावा. यात अवघड काहीच नाही. मात्र वेळ लागतो. तो देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी निदान आपल्या घाईस प्रतिभा म्हणू नये.