दार कोणी उघडलं?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये ऑस्करचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आता अभिनय नाही, रंग बघून बक्षिसं देतात.’ चहाबरोबर ते सहज खपूनही जातं. पण हिशेब काय सांगतो? २०२५ पर्यंतच्या ९७ सोहळ्यांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान एकाच कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला, २००२ साली हॅली बेरीला. २०१५ आणि २०१६ मध्ये तर अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना होती. एप्रिल रेन यांनी ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ म्हणत आवाज उठवला, तेव्हा कुठे अकादमीने आपल्या सभासदांकडे वळून पाहिलं.

या लढ्याशी आपला काय संबंध, असं वाटेल. आहे, आणि जवळचा आहे.

१९९९ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेने चार मोठ्या वाहिन्यांना जाब विचारला. त्या मोसमातल्या २६ नव्या मालिकांपैकी एकीतही मुख्य भूमिकेत अल्पसंख्याक कलाकार नव्हता. अध्यक्ष क्वेसी एमफुमे यांनी बहिष्काराचा इशारा दिला. लॅटिनो आणि आशियाई संघटनाही सोबत आल्या. २००० मध्ये वाहिन्यांनी करार केले. दुसऱ्या वर्षात गेलेल्या मालिकांमध्ये अल्पसंख्याक लेखकासाठी एक जागा ठेवायचं एनबीसीने मान्य केलं. ही मागणी महत्त्वाची, कारण पडद्यावरचं पात्र काय बोलणार हे लेखकांच्या खोलीतच ठरतं.

एनबीसीच्या अशाच योजनेतून ‘द ऑफिस’मध्ये मिंडी केलिंग आली. आईवडील भारतीय. आपण ‘डायव्हर्सिटी हायर’ आहोत याची आधी लाज वाटायची, असं तिनेच सांगितलंय. इतरांना जी संधी ओळखीने मिळते तीच आपल्याला योजनेने मिळाली, हे तिला नंतर उमगलं. पुढे तिची ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ आपल्या घराघरांत पाहिली गेली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळायला जड जाऊ नये. कॉलेजच्या सिनियरने रेफरल दिलं की आपला रेझ्युमे ढिगाऱ्यातून वर येतो. त्याला आपण कोटा म्हणत नाही, नेटवर्किंग म्हणतो. इंटरव्ह्यू मात्र आपला आपल्यालाच द्यावा लागतो. मिंडीलाही तिथे लिहून दाखवावंच लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर ते वाक्य आलं, तर नुसती मान डोलवू नका. आपली मुलं ऐकत असतात. ज्या दारातून आपली माणसं आत गेली, ते ठोठावून कोणाचे हात दुखले, हे त्यांना आपणच सांगायला हवं.