हात बधिर होतात ते पाण्यानं नव्हे



विम्याचे अर्ज भरताना आम्ही बघतो, सही करता करता कुणाच्या तरी बोटांतून पेन सुटतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सारखे पाण्यात हात, वात आहे."

आमवात, डॉक्टर ज्याला रुमेटॉइड म्हणतात, तो पाण्यानं होत नाही. शरीराची संरक्षणशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. बायकांना जास्त होतो, आणि दुबलगुंडीत काय, कारंजा धरणावर काय, जाळं सांधायला, मासळी साफ करायला त्यांचेच हात लागतात.

पुढचं बहुतेकांना ठाऊक नसतं. मनगट सुजलं की आतली नस दाबली जाते. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, हात झटकला की जरा बरं वाटतं. मग जाळ्याची गाठ बोटाला कळेनाशी होते. काहींना वाटतं, चला, दुखणं उतरलं. उतरलेलं नसतं, नस निकामी होत चाललेली असते. आजार जुना असेल तर पायाचा पंजा एकाएकी लुळा पडू शकतो. मानेचे मणके सैल होऊन हातापायांतली ताकदही जाऊ शकते. असं दिसलं तर त्याच दिवशी बिदर नाहीतर कलबुर्गीचा मोठा सरकारी दवाखाना गाठा. मान मोडून तर मुळीच घेऊ नका.

आता उघडच बोलतो. बधिरपणा म्हटलं की लोकांना महारोगाची भीती, म्हणून घरात लपवतात. अहो, तो निघाला तरी औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. साखरेच्या आजारानंही बधिरपणा येतो. कशानं आला ते तपासल्याशिवाय कळणार कसं?

आमची खरी तक्रार वेगळी आहे. मत्स्यसंपदा योजनेच्या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख, अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख. होडी उलटून हात गेला तर पैसे, आजारानं हळूहळू गेला तर काही नाही. सहकारी सभासदांसाठी 2003 साली निघालेली यशस्विनीही मुख्यतः ऑपरेशनची. या आजाराला लागतात कायमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या. त्या वेळेवर मिळाल्या तर पुष्कळांचे हात वाचतील, पण तो खर्च ज्याचा त्यानंच करायचा.

येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडतो आहोत. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी औषधांच्या पावत्या घेऊन यावं, ठरावाला जोडायच्या आहेत.