मोटारीतील अदृश्य गोंगाट

रात्री उशिरा पेढी बंद करून कुटुंबासह घरी निघालेल्या व्यापाऱ्याची मोटार ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश दाखवू लागते. किल्ली तर समोरच्याच खणात, मोबाइलशेजारी ठेवलेली असते. दुसऱ्या एखाद्या मोटारीत डॅशकॅम बसविल्यापासून रेडिओ खरखरतो किंवा नेव्हिगेशन वाट चुकते. अशा वेळी किल्लीची बॅटरी बदलली जाते, नवा रेडिओ घेतला जातो, आणि तरीही दोष कायम राहतो. कारण पुष्कळदा प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे सुस्थितीत असते. ती एकमेकांच्या कामात व्यत्यय आणीत असतात.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, तर साधा मोबाइल चार्जर ५ व्होल्ट देतो. हे रूपांतर करताना चार्जरमधील मंडल विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करते आणि त्यातून नको असलेल्या लहरी उमटतात. त्यांना अडविणारे भाग चांगल्या चार्जरमध्ये असतात. अतिस्वस्त चार्जरमध्ये काटकसर बहुधा तेथेच झालेली असते. मग तारच अँटेनासारखी वागू लागते आणि एफएम रेडिओच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात खरखर शिरते. नेव्हिगेशनचे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर असल्याने त्यांचे संकेत जमिनीवर अतिशय क्षीण होऊन पोहोचतात. शेजारच्या कॅमेऱ्याचा थोडासा गोंगाटही त्यांना झाकून टाकू शकतो. किल्लीचे कारण याहून वेगळे आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या अनेक मोटारी किल्लीला सुमारे १२५ किलोहर्ट्झवर साद घालतात, आणि मोबाइलचे बिनतारी चार्जरही साधारण त्याच परिसरात काम करतात.

दोष शोधण्याची रीत व्यापारी घराण्यांना नवी नाही. ताळेबंद जुळत नसेल, तर सारी वही फाडून टाकली जात नाही. एकेक नोंद तपासली जाते. मोटार मोकळ्या जागी उभी करावी. घाटात किंवा उंच इमारतींच्या दाटीत रेडिओ एरवीही नीट लागत नाही, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे विषारी धुरामुळे जिवावर बेतू शकते. बाहेरून जोडलेली सर्व उपकरणे प्लगसकट काढावीत. केवळ मोबाइल काढून रिकामा चार्जर तसाच ठेवू नये. सारे सुरळीत झाले, तर एकेक उपकरण पुन्हा जोडावे आणि प्रत्येक वेळी रेडिओ ऐकावा. खरखर ज्याच्याबरोबर परतली, ते उपकरण दोषी. तारेने जोडलेल्या मोबाइलवरील गाण्यात इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर मोबाइल चार्जरवरून काढून पाहावा. शिट्टी थांबली, तर ती वीजपुरवठ्याच्या वाटेने येत होती, हे निश्चित.

उपायही फारसे खर्चिक नाहीत. प्रथम चांगल्या प्रतीचा चार्जर घ्यावा. डॅशकॅम आणि नेव्हिगेशनचे उपकरण यांच्यात वीतभर तरी अंतर ठेवावे. पुष्कळ मोटारींत रेडिओची अँटेना काचेतच असते. तेथून कॅमेऱ्याची तार नेऊ नये. तारेवर, गोंगाट करणाऱ्या उपकरणाच्या जवळ, फेराइटची चिमटीसारखी कडी बसविल्यास पुष्कळदा फरक पडतो. किल्ली मोबाइल आणि चार्जर यांपासून दूर, खिशात ठेवावी. तरीही मोटार तिला ओळखेना, तर बऱ्याच मोटारींत किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवून इंजिन सुरू करता येते. आपल्या मोटारीची रीत कोणती, हे माहितीपुस्तिकेत पाहून घरातील प्रत्येक चालकाने आधीच जाणून घ्यावे.

एक काम मात्र घरी करू नये. पुढील काचेलगतच्या खांबांमध्ये अनेक मोटारींत एअरबॅग दडलेली असते. तिच्यावरून गेलेली कॅमेऱ्याची तार अपघाताच्या क्षणी तिला नीट उघडू देणार नाही. त्या खांबातून तार न्यायची असेल, तर ते काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. थोडी मजुरी वाचविण्याची ती जागा नव्हे.